सांधे, स्नायू आणि श्वास : एका जोडदुखण्याचा इतिहास



'वाताला औषध नाही' हे वाक्य जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावात, कोणत्याही ओट्यावर ऐकावयास मिळते. कुणाचा गुडघा धरतो, कुणाची कंबर, कुणाची बोटे सकाळी वळत नाहीत. आपण त्या सर्वांना एकच नाव देतो : वात. वैद्यकशास्त्राच्या मोजणीप्रमाणे मात्र सांध्यांच्या आणि त्यांच्या आसपासच्या दुखण्यांचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. काही झिजेमुळे होतात, काही श्रमामुळे, काही तापानंतर. त्यांतच एक विरळा पण कठीण गट असा आहे की, त्यात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच शरीरावर उलटते आणि सांधे, स्नायू व फुप्फुसे ही तिन्ही एकाच वेळी, किंवा एकामागून एक, पकडली जातात. ह्या जोडदुखण्याचा इतिहास मी आज सांगणार आहे. इतिहास अशासाठी की, हे तिन्ही त्रास एकाच मुळाचे आहेत हे कळावयास माणसाला फार काळ लागला. आणि जो घोटाळा मोठमोठ्या पंडितांचा झाला, तोच आजही आपल्या गावात रोज होत असतो.

प्रारंभ आपल्या जुन्या ग्रंथांपासून करू. चरकसंहितेत वातरक्ताचे वर्णन आहे. त्यानंतर साधारण सातव्या-आठव्या शतकात माधवकराने आपल्या निदानग्रंथात 'आमवात' हा रोग स्वतंत्र प्रकरण करून मांडला. हातपाय, घोटे, गुडघे सुजतात, विंचू डसावा तशा वेदना होतात, हे तर त्याने सांगितलेच. पण त्याबरोबर ताप, अन्नावरची वासना जाणे, अंग जड होणे, अंग मोडून येणे हीही लक्षणे त्याने नोंदली. ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुखणे सांध्यात दिसले तरी ते केवळ सांध्याचे नसते, साऱ्या शरीराचे असते, एवढे त्या वैद्याच्या ध्यानात आले होते. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, रक्ताची परीक्षा नव्हती. होती ती फक्त नजर.

युरोपात ही नजर बऱ्याच उशिरा आली. १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एक निराळा सांधेरोग वर्णिला. त्या काळी सांधा सुजला की 'गाउट' म्हणण्याची रीत होती, आणि गाउट हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्या पुरुषांचा रोग मानला जाई. लांद्रे-बोव्हेला हा रोग दिसला तो गरीब स्त्रियांत. पुढे १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने ह्या रोगाला 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. आपण त्याला सांधेवात किंवा आमवात म्हणतो. १८६२ मध्ये मॉरिस रेनो ह्या फ्रेंच डॉक्टरने थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी पडण्याच्या विकाराचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन डॉक्टर वाग्नर आणि उन्फरिख्ट ह्यांनी स्नायू दुबळे होणे आणि अंगावर पुरळ उठणे असा एक जोडरोग दाखवून दिला.

म्हणजे काय झाले पाहा. सांधे एकाने पाहिले, बोटे दुसऱ्याने, स्नायू तिसऱ्याने. तीन गावांच्या शिवेवर एखादे शेत असावे आणि तीनही गावांच्या तलाठ्यांना वाटावे की, ते दुसऱ्याच्या दप्तरात आहे, तशी ह्या रोग्याची अवस्था झाली. शेत होते, पीक होते, पण उतारा कुणाच्याच नावे निघत नव्हता.

आता त्याच काळात आपल्या खानदेशात काय चालले होते? जिल्हा तेव्हा एकच होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचा जळगाव जिल्हा म्हणजे तो पूर्व खानदेश. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. इंग्रज सरकारने मृत्यूची नोंद ठेवण्याची पद्धत घातली होती. त्या नोंदीतले रकाने ठरलेले असत : पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे रोग, अपघात, पुढे त्यात प्लेगची भर पडली, आणि शेवटी 'इतर कारणे'. माणूस दगावला की, गावातून खबर जाई आणि जवळचा दिसेल तो रकाना भरला जाई. समजा, एखाद्या बाईचे चार वर्षे हातपाय सुजत होते, मग तिला उठवेनासे झाले, आणि अखेर धाप लागून ती गेली. तिची नोंद कुठे होणार? श्वासाच्या रोगात, नाही तर तापात, नाही तर 'इतर कारणे' ह्या अडगळीत. तेव्हा 'पूर्वी हे असले रोग नव्हते' असे जे म्हणतात, त्यांना एवढेच सांगायचे की, पूर्वी ह्यांच्यासाठी रकाना नव्हता. दप्तरात नाही म्हणून दुखणे नव्हते, असे ठरत नाही.

तुकडे जोडण्याचे काम विसाव्या शतकात सुरू झाले. १९४२ साली न्यूयॉर्कचे पॉल क्लेम्पेरर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एक विचार पुढे मांडला : एकेका अवयवावर बोट ठेवून भागणार नाही, शरीरात सर्वत्र पसरलेल्या, अवयवांना बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचेच हे विकार असावेत. खाटेच्या सुंभासारखे हे धागे आहेत. सुंभ कुजू लागला तर खाट एकाच ठिकाणी खचत नाही. हा विचार पुढे तपशिलात बदलला, पण डॉक्टरांची नजर एका अवयवावरून साऱ्या शरीराकडे वळली, ती त्यामुळे.

त्यानंतर आले १९४८ साल. ह्या विषयाच्या इतिहासात हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्‌ज ह्यांनी ल्यूपस नावाच्या रोगात एक विशिष्ट पेशी दाखविली. सांधेवात ओळखण्यास साह्य करणारी रक्ताची जी परीक्षा नॉर्वेच्या वालर ह्यांना १९४० मध्ये सुचली होती, ती अमेरिकेत रोझ ह्यांना स्वतंत्रपणे पुन्हा सापडली. लंडनचे एलमन आणि बॉल ह्यांनी सांधेवाताच्या रोग्यांची फुप्फुसेही बिघडतात असे निवेदन छापले. सांधा आणि श्वास ह्यांची गाठ छापील पानावर पडली, ती अशी. आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच ह्यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला एक नवे औषध टोचले. काही दिवसांतच ती हिंडू-फिरू लागली. ते औषध म्हणजे कॉर्टिझोन. त्याबद्दल हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन ह्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभर वाटले, वाताला औषध सापडले! पण थोड्याच काळात रोग्यांचे चेहरे सुजले, हाडे ठिसूळ झाली, औषध थांबताच दुखणे दुप्पट जोराने परतले. ह्या औषधाकडे आपण पुन्हा येणार आहोत. कारण खानदेशच्या बाजारात ते वेगळ्या वेषाने फिरते.

मग प्रश्न राहिला कारणाचा. शरीर स्वतःवर का उलटते? पूर्वी प्रत्येक गावात जागल्या असे. रात्री गावात कोण आले, कोण गेले, ह्यावर त्याची नजर. शरीरातही असे जागले आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिद्रव्ये. ती रोगजंतूंना धरतात. जर्मनीचे थोर शास्त्रज्ञ पाउल एरलिख ह्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर असे मत दिले होते की, शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणे टाळते. त्यांच्या शब्दाचे वजन एवढे की, पुढे पन्नास वर्षे बहुतेकांनी उलट विचार केलाच नाही. १९५६ मध्ये मात्र अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की ह्यांनी सशांवरील प्रयोगांतून, आणि लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आदींनी रोग्यांच्या रक्तातून, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या बाबतीत दाखवून दिले की, शरीर स्वतःच्याच अवयवाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते. हे रोझ वर सांगितलेल्या रोझांहून निराळे, बरं का. एवंच, जागल्या घरच्याच माणसाला चोर समजून काठी उगारतो, हे सिद्ध झाले. ह्याच रोगांना आज स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. हा रोग जंतूंचा नव्हे, म्हणून तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे ताट-वाटी वेगळी काढण्याचे काहीही कारण नाही.

ह्यापुढची पायरी आपल्या आजच्या विषयाची. काही रोग्यांत एकाच वेळी दोन-तीन रोगांची लक्षणे दिसत आणि ते कोणत्याच एका नावात बसत नसत. १९७२ साली अमेरिकेतील डॉक्टर शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. सांधे दुखणे, स्नायूंना सूज, बोटे फुगणे व थंडीत पांढरी पडणे असे मिश्रण त्यांच्यात होते, आणि सर्वांच्या रक्तात एकाच प्रकारचे प्रतिद्रव्य विपुल होते. ह्याला संयोजी ऊतींचा मिश्र रोग म्हणू लागले. फुप्फुसे आणि त्यांच्या रक्तवाहिन्याही ह्या रोगात सापडतात, हे पुढे चांगलेच स्पष्ट झाले.

१९८० मध्ये आणखी एक प्रतिद्रव्य सापडले. ज्या रोग्याच्या रक्तात ते मिळाले, त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जो-१' म्हणतात. १९८३ मध्ये कळले की, हे प्रतिद्रव्य पेशीतल्या एका फार गरजेच्या कामगारावर हल्ला करते. हा कामगार काय करतो? रावेर-सावद्याकडे केळीचा माल भरताना कोणता घड कोणत्या गाडीत चढवायचा हे जाणणारी माणसे असतात. तशी पेशीत प्रथिने बांधताना योग्य कण योग्य वाहकावर चढविणारी विकरे असतात. त्यांना सिंथेटेज म्हणतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, म्हणून ह्या रोगाचे नाव अँटिसिंथेटेज सिंड्रोम. सांधे, स्नायू आणि फुप्फुसे ह्या तिघांना एकत्र धरणारा हा नमुनेदार रोग. त्यात कधी ताप असतो, कधी बोटे पांढरी पडतात, आणि कधी अंगठ्याची व तर्जनीची कड खरखरीत होऊन तिला भेगा पडतात. ह्या खुणेला इंग्रज डॉक्टरांनी 'मेकॅनिकचे हात' असे नाव दिले, कारण गॅरेजमध्ये काम करणाऱ्यासारखे ते हात दिसतात.

इथे थोडे थांबू या. ही खूण ज्या देशात ठरविली गेली, तिथे बाईच्या हाताला भेगा दिसल्या की, डॉक्टर चमकतो. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताला भेगा नसतील तरच नवल. म्हणून खानदेशात ही खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर असून लपून राहते. नुसत्या भेगांनी घाबरण्याचे कारण नाही. पण भेगा आहेत, सांधे सुजले आहेत, आणि जिना चढताना दम लागतो, अशी तिन्ही एकत्र आली, तर तो प्रश्न फक्त मलमाचा राहत नाही.

आपल्या राज्यात अशा दुखण्यांची गावपातळीवर पद्धतशीर मोजणी झाली, ती पुणे जिल्ह्यात भिगवण येथे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाती घेतली. हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत चाललेल्या उपक्रमाचा भाग होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन प्रश्न विचारले, आणि ज्यांना दुखणे आहे त्यांना डॉक्टरांनी तपासले. चार हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी झाली. त्यांपैकी दर १०० मागे सुमारे १८ जणांना सांधे, स्नायू वा कंबर ह्यांचे काही ना काही दुखणे होते. त्यात झीज आणि श्रमाची दुखणी पुष्कळ. सांधेवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण २०० मागे एकाला. ह्याच प्रमाणाने हिशेब केला, तर २००० प्रौढांच्या गावात असे १० रोगी निघतील. सांधे-स्नायू-फुप्फुस ह्यांना एकत्र धरणारे रोग ह्याहून कितीतरी विरळ आहेत. एखाद्या गावात एकही नसेल. पण दोन-तीन जिल्ह्यांचा विचार केला, तर ते नाहीत असे कुणी म्हणू नये.

ते सापडत नाहीत, ह्याला कारण आहे. खानदेशात त्यांच्या वेषात फिरणारे दुसरे रोग पुष्कळ आहेत.

पहिला क्षयरोग. खोकला, ताप, वजन घटणे, छातीच्या फोटोत डाग, एवढे दिसले की आपल्याकडे मनात क्षयच येतो, आणि ते रास्तही आहे. कारण क्षय इथे विपुल आहे आणि तो बरा होतो. परंतु थुंकीत जंतू मिळत नाहीत, औषध पुरते घेऊनही धाप वाढतेच आहे, आणि जोडीला सांधे सुजलेले आहेत, तर पुन्हा विचार व्हावयास हवा.

दुसरा चिकुनगुन्या. हा ताप १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे मोठ्या प्रमाणात आला होता. नंतर ३० वर्षांहून अधिक काळ तो जणू नाहीसा झाला आणि २००५-०६ मध्ये परतून महाराष्ट्रभर पसरला. तो उतरल्यावरही काहींचे सांधे महिनोन्महिने दुखतात. त्यामुळे नवे दुखणेही 'त्या तापाचेच उरले आहे' म्हणून अंगावर काढले जाते.

तिसरा सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा बांधवांत हा रक्ताचा वारसारोग आढळतो. त्यातही हाडे-सांधे ठणकतात आणि छातीत दुखते. तो रक्ताच्या साध्या तपासणीत ओळखता येतो, म्हणून तिकडच्या रोग्याची ती तपासणी आधी व्हावी.

चौथी कापसाची धूळ. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची छाती आवळून येते, विशेषतः सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी. ते दुखणे निराळे; त्यात सांधे सुजत नाहीत.

मग खरे ओळखायचे कसे? निदान करणे डॉक्टरांचे काम. पण खुणा ध्यानी घेणे घरच्यांचे आणि गुरुजींचे काम आहे. सांधेवातात सकाळी उठल्यावर बोटे तास-तासभर आखडलेली राहतात आणि हालचालीने सैल होतात. झिजेचे दुखणे उलट कामाने वाढते. स्नायूंचा रोग असेल तर हात-पाय दुखण्यापेक्षा दुबळे होतात : डोक्यावर हंडा चढत नाही, वेणी घालताना हात वर राहत नाहीत, उकिडवे बसल्यावर आधारावाचून उठता येत नाही, एस.टी.ची पायरी चढवत नाही. फुप्फुस धरले असेल तर कोरडा खोकला राहतो आणि रोजच्याच वाटेवर दम लागतो. डॉक्टर पाठीला नळी लावतात, तेव्हा खालच्या बाजूला दप्तराची चिकटपट्टी ओढून उघडावी तसा चरचर आवाज येतो. साध्या फोटोत प्रारंभी काही दिसेलच असे नाही. बारीक छेद दाखविणारा सीटी स्कॅन लागतो. रक्तात स्नायूंची झीज दाखविणारी आणि प्रतिद्रव्यांची तपासणी करावी लागते.

शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, स्नायूंचा हा रोग मुलांनाही होतो. काल-परवापर्यंत खोखो खेळणारी मुलगी आज जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकते, पापण्यांवर जांभळट झाक दिसते, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिच्या आईला बोलावून घ्यावे.

आता औषधांविषयी. १९४८ साली, हेंच ह्यांनी आपला प्रयोग केला त्याच्या आदल्याच महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये एक भारतीय शास्त्रज्ञ वारला : आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉलिक आम्लाच्या विरोधी द्रव्यांवर त्यांच्या हाताखाली जे काम झाले, त्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध निघाले. प्रथम ते कर्करोगासाठी होते. १९८० नंतरच्या दशकात थोड्या मात्रेत ते सांधेवातावर मान्य झाले आणि आज त्या रोगाचे मुख्य औषध आहे. एक इशारा : सांधेवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास ते जिवावर बेतते. गोळीच्या पाकिटावर वार लिहून ठेवावा, हे उत्तम. फुप्फुस धरले असेल तर डॉक्टर दुसरी औषधे निवडतात. ह्या सर्व औषधांनी जागल्याची काठी आवरली जाते, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात आणि पुढेही रक्त वेळोवेळी तपासावे लागते.

आणि आता ते कॉर्टिझोन. त्याच्या कुळातली औषधे म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरांच्या हाती ती जीव वाचवितात. स्नायू व फुप्फुसांच्या रोगात त्यांच्यावाचून चालत नाही. पण आठवड्याच्या बाजारात 'वाताची पुडी' म्हणून, जडीबुटीच्या नावाने जे विकले जाते, त्यात पुष्कळदा हेच औषध कुटून घातलेले असते. दोन दिवसांत माणूस उठतो, पुडीवाल्याचा जयजयकार होतो. आत मात्र फुप्फुसाचा रोग चालूच राहतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. जे औषध दोन दिवसांत जादू करते आणि ज्याचे नाव विकणारा सांगत नाही, ते घेऊ नये. मात्र जो पुष्कळ दिवस घेत आला आहे, त्याने ते एकदम सोडूही नये. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे.

पूर्वी असा रोगी भुसावळला गाडीत बसून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाई, तोही ज्याच्यापाशी पैसा आणि सोबत असेल तोच. आता धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे. पुढे मोठ्या शहरात जावे लागले तरी पहिली वाट जवळची झाली आहे. जाताना जुने फोटो, जुने कागद, घेतलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्याव्यात. आणि सांध्याचे सांगताना दमाचे, दमाचे सांगताना सांध्याचे सांगावयास विसरू नये. बाई म्हणते, 'हात दुखतात', आणि धाप लागते ते वयामुळे म्हणून सोडून देते. तिथेच शेत पुन्हा दुसऱ्या शिवारात जाते.

पंडितांना सांधा, स्नायू आणि श्वास एका नावाखाली आणावयास १८० वर्षे लागली. आपल्या घरातल्या बाईच्या बाबतीत ते काम एका बैठकीत होऊ शकते. तिला तिन्ही गोष्टी एकत्र विचारणारे कुणी तरी हवे, एवढेच.